आण्णांची संथ रेघ

मगदूम हावळ अँड कंपनीची पाटी आज पुण्यात, सुरतेत, इंदुरात आणि दुबईत लागलेली आहे. दुबईतली तर दिवसासुद्धा झगमगते. पण ही फर्म जन्माला आली ती इचलकरंजीत, एका यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर. खाली माग खडखडायचे आणि वर नेमगोंडा मगदूम वकील सूत-व्यापाऱ्यांचे करारमदार करायचे. खडखडाट असा, की शेजारी बसलेल्याचं बोलणंही कानापर्यंत पोचू नये. म्हणून वकिलांनी एक रीत पाडली. सहीची वेळ आली की कारखान्याच्या मालकाला गळ घालून खालचे माग थोडा वेळ बंद करायचे, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचं आणि करार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायचा. फर्ममध्ये या प्रकाराला नुसतं ‘वाचन’ म्हणत, आणि वाचनाशिवाय सही होत नसे.

वाचायचं काम ज्युनिअरचं. वकील स्वतः ऐकणाऱ्यांकडे बघत बसत. एखाद्या कलमापाशी कुणाचा सदरा छातीवर जरासा थबकला, की त्यांचं बोट वर व्हायचं.

“थांब. हितं शेटजींचा श्वास अडला.”

शेटजी म्हणायचे, काही नाही हो वकील, तुम्ही वाचा पुढं. पण वकील कागद बाजूला ठेवून चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत ते कलम एकतर बदललेलं असायचं, नाहीतर शेटजींना मनापासून पटलेलं. मगदूम वकिलांचे करार कोर्टात जात नाहीत, असा त्यांचा लौकिक होता. गावातले बाकीचे वकील यावर फारसे खूश नव्हते, आणि त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

वैजयंती हावळ ही या माडीवरची पहिली ज्युनिअर. खालच्याच कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची मुलगी. कायद्याचं शिक्षण अर्धं झालं असताना तिचे वडील गेले. त्या दिवसापासून तिचं दुपारचं ताट मगदूमांच्या घरी वाढलं जाऊ लागलं. त्याचा कुणी गाजावाजा केला नाही. वकिलांना ती आण्णा म्हणू लागली, त्यांच्या बायकोला काकू. पुढे आण्णांनी पाटीवर आपल्या नावाशेजारी तिचं नाव लावलं, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

फर्म खऱ्या अर्थाने वाढली ती ‘कानोसा’मुळे, आणि कानोसा ही कल्पना वैजयंतीची.

माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची छाती किंचित पुढे येते, आणि हृदयाच्या ठोक्यासरशी तीच छाती केसभर हलते. रडारच्या सूक्ष्म लहरी ही हालचाल अंगाला हात न लावता, कपड्यांवरूनच मोजू शकतात. तान्ह्या मुलांच्या पाळण्यांवर अशी उपकरणं पूर्वीपासून लावत होते. नवं होतं ते पुढचं. फर्मने वर्षानुवर्षं प्रत्येक वाचनाचं चित्रीकरण जपून ठेवलं होतं. त्यातले जे थोडे करार पुढे मोडले, ते कोणत्या कलमावरून मोडले हेही ठाऊक होतं. वैजयंतीने हे सगळं पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मंडळींपुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही गोष्टी संगणकाकडून ताडून पाहिल्या आणि तोंडात बोट घातलं. जे कलम पुढे मोडलं, त्या कलमापाशी मोडणाऱ्याचा श्वास वाचनाच्या दिवशीच, भरल्या छातीने, निमिषभर थांबलेला होता. त्याला स्वतःला आपलं मन कळण्याच्याही आधी.

आण्णांची नजर जे टिपत होती, ते आता तळहाताएवढी एक चकती टिपू लागली. टेबलावर ठेवायची, वाचन सुरू करायचं, आणि पडद्यावर ऐकणाऱ्याच्या श्वासाची रेघ उमटत जायची. रेघ कुठे अडखळली तर तिथे तांबडा ठिपका. शेवटपर्यंत संथ चालली तर करार ‘निर्धोक’.

मग काय, फर्मला पंख फुटले. सुताच्या सौद्यांवरून ती कंपन्यांच्या विलीनीकरणावर गेली, तिथून विमा, जहाजं, औषधं. विमा कंपन्या निर्धोक कराराला सवलत देऊ लागल्या. पुढे घरगुती विभाग निघाला. भावाभावांची वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, लग्नाआधीचे करार, म्हाताऱ्या आईबापांनी मुलांना करून दिलेली बक्षीसपत्रं. हा विभाग सगळ्यात जोरात वाढला. एवढं वाचायला माणसं कुठून आणायची? तेव्हा वाचनाचं कामही यंत्राकडे दिलं. भिंतीतल्या ध्वनिक्षेपकातून एक गोड, न थकणारा आवाज करार वाचू लागला. आण्णांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “माणूस नसंल वाचायला तर कसं?” पण ते तेव्हा निवृत्तीला आले होते आणि वैजयंती घाईत होती.

आता सिंगापूरची एक बडी फर्म मगदूम हावळला आपल्यात सामावून घ्यायला निघाली होती. कानोसा पूर्वेकडच्या सगळ्या देशांत न्यायचा, आणि तो न्यायचा वैजयंतीने. विलीनीकरणाच्या मसुद्यात तसं कलमच होतं, की श्रीमती हावळ यापुढे सिंगापूरला राहतील. बाकी भागीदारांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती ती फक्त संस्थापकाची, आणि त्यांच्या सहीवाचून काहीच पुढे सरकणार नव्हतं.

रिवाजाप्रमाणे मसुद्याचं वाचन आण्णांसमोरही झालं. इचलकरंजीच्या जुन्या माडीवर, एकटे आण्णा, समोर चकती, भिंतीतून आवाज. निकाल पुण्याला आला. निर्धोक.

वैजयंतीने आण्णांची रेघ उघडून पाहिली. कुणी बघत नाही ना, असं आधी दाराकडे पाहून. आपल्या जाण्याच्या कलमापर्यंत तिने रेघ सरकवत नेली आणि तिथे थांबली. रेघ संथ होती. आधी जशी चालली होती तशीच त्या कलमावरून पुढे निघून गेली होती.

तिला फार वाईट वाटलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, चार शहरांतल्या वकिलांना कामाला लावणारी, आणि खुर्चीत बसून डोळे पुसत होती. आण्णांनी हरकत घ्यावी असं तिला वाटत नव्हतं. तिला जायचंच होतं. हे तिने उभं केलेलं काम होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. पण एवढ्या वर्षांच्या ओढीचा एक अर्धा श्वाससुद्धा अडू नये? शिवाय गेली दोनेक वर्षं फोन केला की काकूच उचलत. आण्णा अंघोळीला गेलेत, आण्णा देवळात गेलेत, निरोप सांगते. आण्णा आपल्यावर नाराज आहेत, हे तिने हळूहळू धरूनच टाकलं होतं. नाराज माणसाचा श्वास अडतो, हेही तिला माहीत होतं. इथे तर नाराजीही नव्हती. म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

सहीच्या आदल्या आठवड्यात तिने गाडी काढली आणि कुणाला न कळवता इचलकरंजी गाठली.

काकू अंगणात उन्हाला मिरच्या घालत होत्या. तिला बघून त्यांनी मिरचीचे हात तसेच हवेत धरले. “अगं बाई. वैजू? ये की आत. थांब, हाताला मिरची हाय माझ्या. आण्णा मागल्या सोप्यात हाईत बघ.”

आण्णा दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मान बारीक झाली होती. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. वैजयंती उंबऱ्यातच थांबली. समोर जाऊन विचारायचा धीर तिला झाला नाही.

“आण्णा,” ती म्हणाली, “रागावलाय काय माझ्यावर?”

आण्णांनी पेपरचं पान उलटलं.

“जाऊ नको म्हणायचं असलं तर म्हणा तरी. नुसतं गप्प बसू नका.”

आण्णांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि पुढची बातमी वाचायला घेतली. आता परत फिरावं आणि थेट पुण्याला जावं, असं क्षणभर वैजयंतीच्या मनात आलं. पण तेवढ्यात तिची सावली पेपरावर पडली आणि आण्णांनी मान वळवली. त्यांचा सगळा चेहरा उजळला.

“वैजू, कधी आलीस गं? आन् चोरासारखी पाठीमागं काय उभी राहिलीयास?”

तो आनंद खोटा नव्हता. एवढी वर्षं लोकांचे चेहरे वाचून पोट भरलेल्या बाईला तेवढं कळत होतं. ती गोंधळून त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. प्रवास कसा झाला, पुण्यात थंडी आहे का, आण्णांनी विचारलं, तिने उत्तरं दिली, सगळं ठीक चाललं होतं. मग ती काकूंनी आणलेलं पाणी घ्यायला वळली आणि वळता वळता म्हणाली, “तब्येत कशी आहे?”

“शेतात आता काय, सुगी संपली,” आण्णा म्हणाले.

वैजयंतीने तांब्या खाली ठेवला. पर्समधून फोन काढून तिने टेबलावर पालथा घातला आणि मसुद्याचं वाचन सुरू केलं. तोच गोड आवाज सोप्यात घुमू लागला. श्रीमती वैजयंती हावळ यांचे वास्तव्य यापुढे सिंगापूर येथे राहील. आण्णा तिच्याकडे मायेने बघत होते. सदरा एका लयीत खालीवर होत होता. त्यांना वाटत होतं की सोप्यात कुणी बोलतच नाही.

दारात काकू पदराने हात पुसत उभ्या होत्या. “शपथ घातलीया मला,” त्या हळूच म्हणाल्या. “कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. तुला तर न्हाईच न्हाई.”

वैजयंतीने फोन बंद केला. आण्णांच्या समोर खुर्ची ओढून, तोंड उजेडाकडे करून तिने विचारलं, “आण्णा, कधीपासून?”

आण्णांनी आधी काकूंकडे रागाने पाहिलं, मग खिडकीबाहेर, आणि मग त्यांनी हात टेकले.

“एकदम काय न्हाई झालं. मागाच्या डोक्यावर उभा जन्म काढला, कान किती दिवस टिकणार? यंत्र लावून बघितलं कानाला. नुसता गलका आत येतो, शब्द येत न्हाई. डॉक्टर म्हणाला, आतली शीरच गेलीया.”

“पण तुम्ही बैठकांना यायचा. सगळं बरोबर बोलायचा.”

“तू वाचत होतीस की.” आण्णा हसले. “मागाच्या खडखडाटात माणसं कशी बोलत्यात, ठाऊक न्हाई तुला? तुझा बा त्या टोकाला, मी ह्या टोकाला. ओठ बघून सगळं कळायचं. बाजारभाव, कुणाच्या घरचं लगीन, शिव्यासुद्धा. तू वाचत होतीस तवर काय अडलं न्हाई माझं. पुढं तुम्ही भिंतीला वाचायला लावलं. भिंतीला ओठ कुठलं?”

वैजयंतीला हे आधीच कळायला हवं होतं. मागावरच्या माणसाची मुलगी होती ती. संध्याकाळी घरी आल्यावरही वडील आईशी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे, ते बघत ती लहानाची मोठी झाली होती.

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? वाचनावर फर्म उभी केली, आन् वाचन करणारा मगदूम वकील बहिरा? लोक हसली असती. तू हसली नसतीस, पण तुझ्या फर्मला कुणी हसलेलं मला चाललं नसतं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “तू जे करतीयास ते चांगलंच असणार, एवढं धरून मी बसायचो. वाचन संपलं की चकतीवर दिवा लागायचा हिरवा. मग उठायचो.”

आणि त्या विश्वासाची रेघ पडद्यावर संमतीसारखीच दिसत होती. कानोसाला शिकवलं होतं ते कान टवकारून बसलेल्या व्यापाऱ्यांच्या श्वासांवर. जो ऐकतच नाही, त्याचाही श्वास संथ चालतो, हे ना प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या डोक्यात आलं, ना वैजयंतीच्या. तिला मिरजेच्या एक आजी आठवल्या. राहतं घर त्यांनी मुलाच्या नावाने करून दिलं होतं. रेघ इतकी सुरेख, की घरगुती विभागाने ती नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवली. त्या आजींना ऐकू येत असेलही. पण वाचन चालू असताना त्या पूर्णवेळ मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या, एवढं तिला आता लख्ख आठवलं. अशा किती जणांना आपण निर्धोक म्हणून घरी पाठवलं?

हे सगळं ती आण्णांना सांगत होती, आणि आण्णा तिच्या ओठांवरून ते टिपत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. “मसुदा काढ. तू वाच.”

तिने पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. किती वर्षांनी वाचत होती. आधी जीभ अडखळली, मग जुनी लय सापडली. प्रत्येक कलम संपल्यावर ती मान वर करायची आणि आण्णा डोळ्यांनीच पुढे म्हणायचे. पाटीवरचं त्यांचं नाव जाणार, हे ते शांतपणे ऐकून गेले. माडीवरचं जुनं ऑफिस बंद होणार, त्यावर फक्त मान हलवली. काकू दाराशी बसून लसूण सोलत होत्या.

मग ते कलम आलं. वैजयंतीने वाचलं आणि वर पाहिलं. आण्णांचा सदरा हलत नव्हता. भरलेली छाती भरलेलीच राहिली होती आणि डोळे तिच्या ओठांवरच खिळले होते, जणू शब्द परत मागे जातील. कुठल्या चकतीची गरज नव्हती.

“हे कधी ठरलं?” त्यांनी विचारलं.

“झाले काही महिने. आण्णा, हे तुमच्यासमोर वाचून झालंय.”

“व्हय. झालं असंल.”

काकूंचं लसूण सोलणं थांबलं होतं. आण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. वैजयंतीला एकाच वेळी रडू येत होतं आणि कित्येक दिवसांनी मोकळं वाटत होतं. त्यांचा श्वास अडला होता. त्यासाठीच ती एवढ्या लांब आली होती, हे तिने मनाशी कबूल केलं.

“काढून टाकते हे कलम,” ती म्हणाली.

“चहा टाक गं,” आण्णांनी काकूंना सांगितलं. मग तिच्याकडे वळले. “रीत काय हाय आपली? अडलं की पहिल्यांदा चहा. तुला जायचं हाय काय न्हाई, ते सांग. माझ्याकडं बघून सांग.”

तिने त्यांच्याकडे बघून सांगितलं. “जायचंय.”

“मग झालं की.”

“पण तुमचा श्वास अडला.”

“अडणारच. लेक लांब चालली तर कुणाचा अडत न्हाई? अडला म्हणून करार वाईट होत न्हाई, वैजू. अडलाय हे दोघांना कळलं पाहिजे, एवढंच. त्यासाठी तर आपण माग बंद करत होतो.”

चहा झाला. चहाबरोबर काकूंनी भडंग दिलं आणि जाताना मिरच्यांची पिशवीही.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात सहीसाठी सगळे जमले तेव्हा वैजयंतीने दोन गोष्टी सांगितल्या. घरगुती विभागातली सगळी निर्धोक कागदपत्रं माणसाने, समोर बसून, पुन्हा वाचायची, आणि ते होईपर्यंत ती सिंगापूरला येणार नाही. आणि भिंतीतला आवाज आजपासून बंद. सिंगापूरहून आलेल्या मिस तान यांनी याला वेळ किती लागेल, असं विचारलं. लागेल तेवढा, वैजयंती म्हणाली. मिस तान यांनी बराच वेळ फोनवर घालवला, आणि शेवटी नाखुशीने का होईना, मान्य केलं.

मग वाचन झालं. आण्णांच्या समोर बसून वैजयंतीने वाचलं आणि टेबलावर कानोसाची चकतीही होती. तिच्या जाण्याच्या कलमापाशी पडद्यावर तांबडा ठिपका उमटला, आणि शेवटी खाली अक्षरं आली, सही घेऊ नये.

मिस तान म्हणाल्या, “यंत्र नको म्हणतंय.”

“यंत्राचं बरोबर आहे,” वैजयंती म्हणाली. “पण ते फक्त अडलेलं सांगतं. पुढचं यांना ठरवू द्या.”

आण्णांनी पेन मागितलं. सही कुठे करायची ते दाखवायला ज्युनिअर नेहमी पाठीशी उभी राहायची, तशी सवयीने वैजयंती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. त्यांच्या खांद्यावरून बोट पुढे करून तिने जागा दाखवली. आणि मग, त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असल्यामुळेच, अगदी हलक्या आवाजात तिला जे कधी तोंडासमोर म्हणता आलं नव्हतं ते ती म्हणून गेली.

आण्णांचं पेन कागदावर टेकायचं थांबलं. समोरच्या कपाटाच्या काळ्या काचेत त्यांना तिचे ओठ हललेले दिसले होते, पण काच लांब होती आणि शब्द लागले नव्हते.

“मागं उभं राहून काय बोललीस?” ते म्हणाले. “समोर ये, आन् समोर सांग.”

खोलीतली सगळी माणसं बघत होती. वैजयंती टेबलाला वळसा घालून आली, त्यांच्यासमोर बसली आणि उजेडाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “आण्णा, वडील गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता आपलं कुणी नाही. तसं परत कधी वाटलं नाही. तुमच्यामुळे.”

आण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. पडद्यावरच्या रेघेवर आणखी एक तांबडा ठिपका उमटला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“कळलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.